फिशफाइंडरच्या पडद्यावर कोळंबी : काय दिसते आणि काय दिसत नाही

ट्रॉलर बंदरातून निघून ३० मीटर खोलीच्या पाण्यात पोहोचतो. तांडेलासमोरच्या पडद्यावर समुद्रतळाची जाड तांबडी रेघ उमटू लागते. रेघेच्या वर मधूनच एखादा गडद ठिपका दिसतो, कोठे फिकट निळसर पट्टा लांबवर पसरलेला असतो, तर कोठे तळाला चिकटलेला लहानसा उंचवटा दिसतो. यांपैकी कोळंबी कोणती? जाळे कोठे सोडायचे याचा निर्णय या उत्तरावर अवलंबून असतो. उत्तर चुकले तर तळावरून तासन्‌तास जाळे ओढण्यात डिझेल जळते, खलाशांचे श्रम वाया जातात आणि जाळ्यात कोळंबीऐवजी लहान मासळी, खेकडे व चिखल येतो.

फिशफाइंडर अर्थात इको साउंडर हे उपकरण आता लहान यांत्रिक नौकांवरही दिसू लागले आहे. अनेक नौकामालक कर्ज काढून ते बसवतात आणि त्यामागे बहुधा एकच अपेक्षा असते : पडद्यावर कोळंबी दिसेल. ही अपेक्षा अंशतःच खरी ठरते. माशांचा थवा दाखवण्यात हे यंत्र वाकबगार आहे; कोळंबीच्या बाबतीत मात्र त्याला निसर्गतःच मर्यादा आहेत. या मर्यादा समजून घेतल्या तर तेच यंत्र कोळंबीच्या शोधात मोठे साहाय्य करू शकते. न समजता वापरले तर ते दिशाभूल करते.

यंत्र काय ऐकते?

नौकेच्या तळाशी बसवलेला ट्रान्सड्यूसर पाण्यात ध्वनीचा अतिशय आखूड स्पंद सोडतो. समुद्राच्या पाण्यात ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे १,५०० मीटर असतो. वाटेत ज्या वस्तूची घनता किंवा ध्वनिवेग पाण्याहून वेगळा असेल, त्या वस्तूवरून स्पंदाचा काही भाग परत फिरतो. परत येण्यास लागलेल्या वेळावरून खोली कळते आणि प्रतिध्वनीच्या जोरावरून पडद्यावरचा रंग ठरतो. बहुतेक यंत्रांत तांबडा रंग सर्वांत सशक्त प्रतिध्वनीचा आणि निळा सर्वांत क्षीण प्रतिध्वनीचा असतो. म्हणजे पडद्यावर जे उमटते ते छायाचित्र नसून केवळ प्रतिध्वनीच्या जोराची नोंद असते. ही नोंद माशाची, कोळंबीची, जेलीफिशची की हवेच्या बुडबुड्यांची, हे यंत्र सांगत नाही. ते ठरवण्याचे काम माणसाचे आहे.

मासा ठळक, कोळंबी पुसट : असे का?

बहुतांश अस्थिमत्स्यांच्या शरीरात वायूने भरलेली पिशवी असते. तिला वाताशय म्हणतात. घोळ माशाचा जो ‘बोत’ बाजारात मोठी किंमत मिळवतो, तो म्हणजे हेच वाताशय होय. पाणी आणि वायू यांच्या गुणधर्मांत कमालीचा फरक असल्याने ध्वनी या पिशवीवरून जोराने परावर्तित होतो. वाताशय असलेल्या माशाच्या प्रतिध्वनीतील सुमारे नऊ-दशांश किंवा त्याहून अधिक वाटा एकट्या वाताशयाचा असतो.

कोळंबीला वाताशय नसते. तिचे मांस व कवच यांची घनता आणि त्यांतील ध्वनिवेग समुद्राच्या पाण्यापेक्षा फारसा वेगळा नसतो. परिणामी ध्वनीचा बराच भाग तिच्यातून आरपार जातो आणि फार थोडा परत येतो. अंटार्क्टिक समुद्रातील क्रिल हा कोळंबीसारखाच कवचधारी जीव असून ध्वनीच्या साह्याने त्याचे मोजमाप अनेक वर्षांपासून होत आले आहे. सुमारे चार सेंटिमीटरच्या एका क्रिलचा प्रतिध्वनी वीतभर लांबीच्या वाताशयधारी माशाच्या प्रतिध्वनीच्या हजाराव्या हिश्श्याहूनही कमी भरतो. म्हणजे एका माशाइतकी खूण उमटण्यासाठी असे हजारो जीव एकत्र यावे लागतात. एकटीदुकटी कोळंबी पडद्यावर न दिसण्याचे पहिले कारण हे आहे.

दुसरे कारण तरंगलांबीचे आहे. ५० किलोहर्ट्झ वारंवारतेच्या ध्वनीची पाण्यातील तरंगलांबी सुमारे ३ सेंटिमीटर, तर २०० किलोहर्ट्झची सुमारे ७.५ मिलिमीटर असते. तरंगलांबीच्या मानाने वस्तू फार लहान असली की प्रतिध्वनी झपाट्याने क्षीण होतो. दोन-तीन सेंटिमीटर लांबीच्या आणि काही मिलिमीटर जाडीच्या जवळ्याला ५० किलोहर्ट्झचा ध्वनी जवळजवळ ओळखतच नाही. २०० किलोहर्ट्झवर मात्र जवळ्याचा दाट थर फिकट ढगासारखा उमटू शकतो. म्हणून कोळंबी किंवा जवळा शोधताना उथळ पाण्यात उच्च वारंवारता वापरणे इष्ट ठरते. खोल पाण्यात उच्च वारंवारतेचा ध्वनी लवकर शोषला जातो. केरळच्या किनाऱ्यापलीकडे, कोल्लमसमोरच्या खोल समुद्रात २०० मीटर व त्याहून अधिक खोलीवर जी खोल-समुद्री कोळंबी पकडली जाते, तेथे कमी वारंवारतेवाचून पर्याय राहत नाही आणि लहान जीव दिसण्याची शक्यता आणखी घटते.

तळाजवळचा अंध पट्टा

कोळंबीच्या बहुतेक व्यापारी जाती तळाशी निगडित असतात. त्या तळावर चालतात, तळालगत पोहतात आणि कित्येक जाती दिवसा चिखलात किंवा वाळूत अंग पुरून बसतात. फिशफाइंडरची सर्वांत मोठी अडचण नेमकी याच जागी आहे, कारण तळाचा स्वतःचा प्रतिध्वनी इतका प्रबळ असतो की त्याच्या लगतचे सारे काही त्यात बुडून जाते. या पट्ट्याची उंची दोन गोष्टींवर अवलंबून असते.

पहिली गोष्ट स्पंदाचा कालावधी. एक मिलिसेकंदाचा स्पंद पाण्यात दीड मीटर लांब असतो. त्यामुळे तळापासून साधारण त्याच्या निम्म्या, म्हणजे ७५ सेंटिमीटर उंचीपर्यंतची वस्तू तळापासून वेगळी ओळखता येत नाही. स्पंद ०.१ मिलिसेकंद केला तर हेच अंतर ७.५ सेंटिमीटरवर येते.

दुसरी गोष्ट ध्वनिशंकूचा कोन. ध्वनी खाली जाताना शंकूसारखा पसरतो. शंकूचा एकूण कोन २० अंश असेल तर ३० मीटर खोलीवर तो तळावर सुमारे साडेदहा मीटर व्यासाचे वर्तुळ व्यापतो. नौकेच्या बरोबर खालचा तळ सर्वांत जवळचा असल्याने त्याचा प्रतिध्वनी आधी परततो. शंकूच्या कडेला तळाच्या किंचित वर असलेली कोळंबी नौकेपासून त्याहून लांब असते; तिचा क्षीण प्रतिध्वनी पोहोचेपर्यंत तळाची रेघ उमटून गेलेली असते. २० अंशांच्या शंकूत ३० मीटर खोलीवर कडेचा हा अंध पट्टा जवळजवळ अर्धा मीटर उंच असतो. ४० अंशांच्या रुंद शंकूत तो सुमारे दोन मीटर होतो, तर ३०० मीटर खोलीवर २० अंशांच्या शंकूतही साडेचार मीटरच्या पुढे जातो.

अलीकडच्या ‘चर्प’ पद्धतीच्या यंत्रांत वारंवारता बदलत जाणारा स्पंद वापरतात. त्यामुळे खोलीच्या दिशेने बारीक भेद करता येतो आणि पहिली अडचण बरीच कमी होते. शंकूच्या कोनामुळे येणारी दुसरी अडचण मात्र कायम राहते. चिखलात पुरून बसलेली कोळंबी तर कोणत्याही सामान्य फिशफाइंडरला दिसत नाही.

मग यंत्राचा उपयोग कोठे?

कोळंबी थेट दिसत नसली तरी ती कोठे असू शकेल हे सांगणाऱ्या तीन गोष्टी पडद्यावर वाचता येतात.

पहिली, तळाचा प्रकार. किनारी कोळंबीच्या अनेक जातींना मऊ चिखलाचा किंवा वाळूमिश्रित चिखलाचा तळ मानवतो. मऊ चिखल ध्वनी बराचसा गिळतो. त्यामुळे तळाची रेघ तुलनेने फिकट असते आणि दुपटीच्या खोलीवर उमटणारा दुसरा प्रतिध्वनी क्षीण असतो किंवा दिसतच नाही. कठीण वाळू व खडकावर रेघ गडद उमटते आणि दुसरा प्रतिध्वनी स्पष्ट दिसतो. खडकाळ भाग ओळखता आला तर जाळे फाटण्याचे नुकसानही टळते. ही तुलना करताना गेन, म्हणजे संवेदनशीलता, एकाच पातळीवर ठेवावी. गेन बदलला की तोच तळ वेगळा भासतो.

दुसरी, खोली आणि तळाचा उतार. जीपीएसच्या नोंदीसह खोली टिपत गेल्यास चर, खाड्यांच्या मुखासमोरच्या वाहिन्या आणि उतारांच्या कडा यांचा नकाशा हळूहळू तयार होतो. पूर्वीच्या पिढ्या ओळंबा सोडून आणि किनाऱ्यावरच्या खुणा जुळवून हेच ज्ञान साठवत असत; यंत्रामुळे ते जलद व नेमके होते.

तिसरी, पाण्यातील दाट थवे. काही जाती ठरावीक काळी तळ सोडून वर येतात आणि दाट कळप करतात. अशा वेळी यंत्र खरोखरच कोळंबी दाखवते. याचे प्रसिद्ध उदाहरण उत्तर ऑस्ट्रेलियातील कार्पेंटेरियाच्या आखातात आहे. तेथे १९६३ ते १९६५ या काळात झालेल्या शासकीय सर्वेक्षणानंतर व्यापारी कोळंबी-मासेमारीने मूळ धरले. व्यापारात ‘बनाना प्रॉन’ म्हणून ओळखली जाणारी, भारताच्या पाण्यातही आढळणारी जात तेथे दिवसा इतके दाट कळप करते की ढवळलेल्या चिखलाचे डाग पृष्ठभागावर दिसतात. हे डाग विमानातून हेरले जातात. नौका त्या जागी जाऊन इको साउंडरवर कळपाचा उंचवटा पाहतात आणि मगच जाळे सोडतात. त्याच आखातात मिळणारी टायगर कोळंबी मात्र दिवसा तळात दडलेली असते आणि रात्री पकडली जाते. तिच्यासाठी पडद्यावरचे कळप शोधणे व्यर्थ ठरते. एकाच समुद्रात, एकाच यंत्रासमोर, दोन जातींच्या सवयींमुळे यंत्राचे मोल असे बदलते. म्हणून यंत्र लावण्याआधी आपल्या भागातील जातीची सवय माहीत असणे आवश्यक आहे.

महाराष्ट्र व गुजरातच्या किनाऱ्यावरचा जवळाही थवे करतो आणि उच्च वारंवारतेवर त्याचा थर दिसू शकतो. तथापि तो मुख्यतः डोल जाळ्यांत मिळतो. डोल जाळे जागी बांधलेले असते व भरती-ओहोटीचा प्रवाहच जवळा त्याच्या मुखात आणून सोडतो. अशा मासेमारीत उधाण-भांगाचे गणित पडद्यापेक्षा अधिक उपयोगी पडते.

ठळक खूण म्हणजे कोळंबी नव्हे

तळाजवळ तांबडी, ठसठशीत खूण दिसली की ‘माल आहे’ असे समजण्याची प्रवृत्ती असते. वास्तविक इतका सशक्त प्रतिध्वनी बहुधा वाताशयधारी माशांचा असतो. ढोमा व त्याच्या कुळातील इतर मासे तळाजवळ वावरतात आणि कोळंबीही खातात. त्यांची खूण कोळंबीच्या सान्निध्याची सूचना ठरू शकते, पण ती कोळंबीची खूण नव्हे. उलट, फिकट धूसर ढग जवळ्याचा असू शकतो, तसाच तो जेलीफिशचा, प्लवकांचा, ढवळलेल्या गाळाचा किंवा नौकेच्या पंख्याने उठवलेल्या बुडबुड्यांचाही असू शकतो.

या गोंधळातून वाट काढण्यासाठी क्रिलच्या सर्वेक्षणांतील एक युक्ती उपयोगी आहे. तेथे एकच थर ३८ आणि १२० किलोहर्ट्झ अशा दोन वारंवारतांवर पाहतात. क्रिल १२० किलोहर्ट्झवर स्पष्टपणे अधिक सशक्त दिसते; वाताशयधारी माशांत हा फरक फारसा नसतो. सामान्य नौकेवरील ५० व २०० किलोहर्ट्झच्या यंत्रावरही स्थूलमानाने हा पडताळा घेता येतो. २०० वर दिसणारा आणि ५० वर जवळजवळ नाहीसा होणारा थर लहान, वाताशय नसलेल्या जीवांचा असण्याची शक्यता अधिक. दोन्हींवर ठळक राहणारी खूण माशांची समजावी. हा पडताळा अंदाज देतो, निर्वाळा देत नाही.

यंत्र जुळवताना

उथळ पाण्यात उच्च वारंवारता, शक्य तितका आखूड स्पंद आणि अरुंद शंकू निवडावा. तळाजवळचे काही मीटरच मोठे करून दाखवणारी ‘बॉटम झूम’ किंवा ‘बॉटम लॉक’ सुविधा सुरू ठेवावी. काही यंत्रांत तळाचा वरचा काठ वेगळ्या रंगाने दाखवणारी ‘व्हाइट लाइन’ सुविधा असते. तळाला चिकटलेली खूण ओळखण्यास ती मदत करते. गेन इतका वाढवावा की पडद्यावर हलकेसे ठिपके दिसू लागतील, आणि मग किंचित कमी करावा. आपोआप जुळवणीवर ठेवलेले यंत्र अनेकदा क्षीण खुणा ‘गोंगाट’ समजून पुसून टाकते. कोळंबीच्या शोधात नेमक्या त्याच खुणा हव्या असतात. ट्रान्सड्यूसर पंख्यापासून दूर, बुडबुडे न येणाऱ्या जागी बसवावा व त्यावरील शेवाळ-शिंपले वेळोवेळी काढावेत.

निर्णय चाचणी जाळ्याचा

पडद्यावरच्या खुणेला अर्थ येतो तो जाळ्यातील मालाशी तिची जोड जुळल्यावर. मुख्य जाळे सोडण्यापूर्वी लहान चाचणी जाळे दहा-पंधरा मिनिटे ओढून पाहण्याची पद्धत कोळंबीच्या मासेमारीत रूढ आहे. प्रत्येक चाचणीच्या वेळी वेळ, खोली, जीपीएस स्थान, भरती-ओहोटीची अवस्था, तळाचा प्रकार, पडद्याचे मोबाइलवर काढलेले छायाचित्र आणि मिळालेली कोळंबी यांची नोंद एका वहीत ठेवावी. रिकाम्या आलेल्या जाळ्याची नोंदही तितक्याच काळजीने करावी. एखाद्या हंगामात अशा पन्नासेक नोंदी जमल्या की आपल्या पाण्यात कोणत्या खुणेला किती विश्वास द्यायचा हे कळू लागते. विस्तार कार्यकर्त्यांनी एका बंदरातील चार-पाच नौकांच्या नोंदी एकत्र मांडून दाखवल्या, तर त्यातून त्या भागापुरते उपयुक्त मार्गदर्शन उभे राहील.

तलावात फिशफाइंडर?

कोळंबी संवर्धकांकडूनही हाच प्रश्न वारंवार येतो : तलावातील व्हॅनामी किंवा टायगर कोळंबीची संख्या या यंत्राने मोजता येईल काय? सामान्य फिशफाइंडरने नाही. दीड मीटर पाण्यात २० अंशांचा शंकू तळावर जेमतेम अर्धा मीटर व्यासाचे वर्तुळ पाहतो. स्पंद सोडल्यानंतर ट्रान्सड्यूसरचे कंपन थांबेपर्यंतचे जवळचे पाणी त्याला दिसत नाही. एरेटरचे बुडबुडे कोळंबीपेक्षा कितीतरी सशक्त प्रतिध्वनी देतात, आणि कोळंबी तळालगतच्या अंध पट्ट्यात असते.

तलावात ध्वनीचा उपयोग वेगळ्या मार्गाने झाला आहे. कोळंबी खाद्याची गोळी जबड्याने फोडताना टक्‌टक्‌ असा आवाज होतो. पाण्यात ठेवलेल्या ध्वनिग्राहकाने तो ऐकून, खाणे चालू असेपर्यंत खाद्य सोडणारी आणि ते मंदावले की थांबणारी स्वयंचलित यंत्रणा ऑस्ट्रेलियात विकसित झाली असून ती अनेक देशांत वापरली जाते. येथे यंत्र ध्वनी सोडत नाही, केवळ ऐकते. खाद्य हा संवर्धनातील सर्वांत मोठा खर्च असल्याने अशी बचत महत्त्वाची आहे. ज्यांना ही यंत्रणा परवडत नाही त्यांच्यासाठी चेक ट्रे आणि पाग टाकून घेतलेला नमुना ही साधने आजही विश्वासार्ह आहेत. केवळ संख्या मोजण्यासाठी फिशफाइंडर विकत घेणे संवर्धकाने टाळावे.

शोध सोपा झाला, साठा नव्हे

कळप करणाऱ्या जातींत आणखी एक धोका संभवतो. साठा घटला तरी उरलेली कोळंबी कळपानेच राहते आणि यंत्राने तो कळप सापडतो. त्यामुळे प्रत्येक ओढीत मिळणारा माल काही काळ चांगलाच राहतो आणि घट लक्षात येईपर्यंत उशीर होतो. कार्पेंटेरियाच्या मासेमारीत हंगामाच्या तारखा ठरवून दिल्या जातात आणि पकडीचा दर ठरावीक पातळीखाली गेल्यास बनाना प्रॉनचा हंगाम आटोपता घेण्याची तरतूद आहे. भारतातही पश्चिम किनाऱ्यावर सामान्यतः १ जून ते ३१ जुलै आणि पूर्व किनाऱ्यावर १५ एप्रिल ते १४ जून या काळात यांत्रिक मासेमारी बंद असते.

फिशफाइंडरला कोळंबीचे वय व आकार ओळखता येत नाही. पडद्यावरचा ढग पिल्लांचा की पूर्ण वाढलेल्या कोळंबीचा, हे चाचणी जाळे वर आल्यावरच कळते. ते पिल्लांनी भरलेले आले तर जागा सोडून पुढे जाणे हे पुढील हंगामाच्या हिताचे आहे. म्हणून त्या वहीत ‘किती माल मिळाला’ या रकान्याशेजारी ‘कोणत्या आकाराचा’ हाही एक रकाना असावा. लहान आकाराच्या नोंदी वाढू लागल्या, तर ओढीमागचा माल घटण्याआधीच साठ्याची स्थिती तांडेलाच्या लक्षात येईल.